बॉनेटखाली वाकणाऱ्यासाठी

आमच्या मर्सिडीजच्या एसीतून काळे कण यायला लागले, तेव्हा पहिला संशय एसीवरच गेला. डॅशबोर्ड पुसावा तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच बारीक भुगा, बोटांत चोळला की चिकट लागणारा. आमच्या मेकॅनिक चाचांनी वायपरखालची जाळी सोडवली, हवा आत ढकलणाऱ्या ब्लोअरपर्यंत हात घातला आणि मूठभर भुगा काढून माझ्यासमोर धरला. मग नुसतं वर बोट दाखवलं. बॉनेटला आतून चिकटवलेलं फोमचं अस्तर जागोजागी गळून पत्रा उघडा पडला होता, आणि जे उरलं होतं ते हात लागताच झडत होतं.

बोट दाखवलं ते उजव्या हाताने. डावा हात त्यांनी बॉनेटला खालून लावून ठेवला होता. बॉनेट उघडं धरून ठेवणारे गॅसचे स्ट्रट, गॅरेजच्या भाषेत बॉनेटचे शॉकअप, कधीच थकले होते. त्यांच्या जागी एक बांबू टेकू म्हणून लावला जायचा आणि त्या बांबूवर चाचांचा पुरता भरवसा नव्हता. स्पार्क प्लग असोत की फॅनबेल्ट, आमच्या गाडीचं काम ते बरीच वर्षं असं दीड हातानेच करत आले होते. मी हे रोज पाहण्यातली गोष्ट म्हणून पाहिलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्या डाव्या हाताकडे माझं नीट लक्ष गेलं, आणि ठरवलं की अस्तर आणि स्ट्रट, दोन्ही कामं एकदमच करायची.

गाडी 1996 ची ई-220, कंपनीच्या भाषेत डब्ल्यू-124. बाबांनी ती सेकंड हँड घेतली, हौसेने सांभाळली, आणि त्यांचं गाडी चालवणं थांबलं तेव्हा किल्ली माझ्याकडे आली. हे मॉडेल जर्मनीत 1984 च्या अखेरीस आलं. जगभरात अशा सुमारे 27 लाख गाड्या बनल्या. तिकडे त्याची जागा घेणारं नवं मॉडेल येत होतं त्याच सुमारास आपल्याकडे ते सुरू झालं. 1994 मध्ये मर्सिडीज बनवणारी डाइम्लर-बेंझ आणि टेल्को, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेली कंपनी, यांनी मिळून इथली कंपनी काढली आणि 1995 पासून पिंपरीत टेल्कोच्या आवारात ही गाडी जुळवली जाऊ लागली. चाकणचा स्वतःचा कारखाना बराच नंतर, 2009 मध्ये उभा राहिला. म्हणजे आमची गाडी आराखड्याने जर्मन असली तरी तिचे नट आवळलेत ते पिंपरीतल्या हातांनी. मला याचं अप्रूप आहे आणि ते मी लपवत नाही.

या गाडीच्या बॉनेटची एक खुबी मला तिच्या बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोठी वाटते. ते दोन ठिकाणी थांबतं. नेहमीसारखं उघडलं तर तिरकं राहतं; बिजागरीपाशी अडकवलेला खटका सोडवून आणखी वर नेलं की थेट नव्वद अंशांत, भिंतीसारखं उभं राहतं. तसं केलं की इंजिनाच्या मागच्या बाजूपर्यंत सरळ उभं राहून पोचता येतं, वरून भरपूर उजेड येतो, आणि मोठ्या कामासाठी बॉनेट काढून बाजूला ठेवावं लागत नाही. शोरूममध्ये गाडी बघायला आलेला माणूस हे कधी करून पाहत नाही. जाहिरातीत ते दिसत नाही. गाडी घेणाऱ्याला त्याचा आयुष्यात एकदाही उपयोग होत नाही. तरीही कुणीतरी बसून त्या बिजागरीचं गणित मांडलं, ते पुढे वीस-तीस वर्षांनी तिथे वाकणाऱ्या माणसासाठी. ते स्ट्रट मेले की ही सगळी आखणी फुकट जाते.

आधी अस्तराबद्दल. बऱ्याच जणांना वाटतं की ते फक्त उष्णतेसाठी असतं. उष्णता ते अडवतंच. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी, सिग्नलला उभ्या गाडीत, इंजिनाची धग थेट पत्र्याला लागू न देणं हे त्याचं एक काम, आणि वरच्या रंगासाठी ते महत्त्वाचंच. पण त्याचं दुसरं काम आवाजाचं. बॉनेट म्हणजे मोठा, पातळ, ताणलेला पत्रा. खाली इंजिन चालू असताना त्याच्यावर आवाज आदळतो आणि तो परत फेकला जातो. फोमची छिद्रं उघडी असतात. आवाजाच्या लहरींबरोबर त्या छिद्रांतली हवा पुढेमागे होते, भिंतींना घासते आणि त्या घर्षणात आवाजाची ऊर्जा जिरते. हे बारीक, तीक्ष्ण आवाजांच्या बाबतीत चांगलं घडतं: इंजेक्टरची टकटक, व्हॉल्व्हची कुरकुर, बेल्टची शीळ. खोल घुमणाऱ्या आवाजावर एवढ्या पातळ थराचा फारसा परिणाम होत नाही. अस्तर गेल्यावर गाडी ‘म्हातारी झाली’ असं जे वाटू लागतं, त्यातला बराचसा भाग या तीक्ष्ण आवाजांचा असतो. इंजिन पूर्वीसारखंच चालत असतं. फक्त मधला पडदा गेलेला असतो.

मग ते गळतं का? मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला सोडवल्याशिवाय चैन पडेना. हा फोम पॉलियुरेथेनचा. त्यातले काही प्रकार उष्णता आणि दमट हवा यांच्यापुढे टिकत नाहीत. पाण्याची वाफ रेणूंच्या लांब साखळ्यांमधले दुवे तोडत जाते, उष्णतेने हे काम वेगाने होतं, आणि स्पंजासारखी लवचीक वस्तू आधी चिकट, मग भुसभुशीत होते. कपाटात जपून ठेवलेल्या बुटांचे तळवे काही वर्षांनी पाऊल टाकताच तुकडे होऊन पडतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. आपल्याकडे चार महिने पाऊस, आठ महिने ऊन, आणि रोज इंजिनाची धग. म्हणजे गाडी वापरली तरी अस्तर मरतं आणि झाकून ठेवली तरी मरतं. त्यात पावसाळ्यात उंदीर आहेतच. गरम, कोरडी, मऊ जागा त्यांना बॉनेटखालीच सापडते. सोसायटीतल्या कितीतरी नव्या गाड्यांच्या बॉनेटचं अस्तर कुरतडलेलं मी पाहिलं आहे.

गळलेला फोम नुसता कुरूप दिसत नाही. तो जातो कुठे, हे पाहायला हवं. वायपरखालच्या जाळीतून ब्लोअरमध्ये जातो, तिथल्या पंख्याला चिकटतो, पंख्याचा तोल बिघडतो. पाणी वाहून जायच्या वाटा त्याने तुंबतात, आणि पाणी तुंबलं की गंज आला. म्हणून ज्यांच्या जुन्या गाडीचं अस्तर झडायला लागलं आहे त्यांना माझं सांगणं असं की नवं आणायला वेळ लागणार असेल तरी जुनं तेवढं ताबडतोब खरवडून काढा. अस्तराशिवाय गाडी चालेल. भुगा घेऊन चालवू नका.

खरवडणं हे या कामातलं सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत महत्त्वाचं. बॉनेट सरळ उभं करून, घट्ट टेकू देऊन, बॅटरीची तार काढून ठेवली. इंजिनावर आणि वायपरच्या जाळीवर जुनी धुवट चादर पसरली, तिच्या कडा खाली खोचल्या. तोंडाला मास्क. फोम हाताने ओढला की सालीसारखा येतो, पण मागे राहतो तो पिवळट, चिवट गोंद. त्याला लोखंडी पट्टी लावली तर आतला रंग जातो आणि तिथूनच गंज धरतो. आम्ही प्लॅस्टिकची पुट्टीपट्टी वापरली. फडक्यावर मिनरल टर्पेंटाइन घेऊन एकेक वीत भाग ओला करायचा, थोडं थांबायचं, मग खरवडायचं. पेट्रोल काही जण वापरतात. मी कुणालाही तसं करू देणार नाही. टर्पेंटाइनसुद्धा ओतायचं नाही, फडक्यानेच लावायचं, इंजिन पूर्ण थंड असताना, मोकळ्या हवेत, आणि ओली फडकी कोपऱ्यात गोळा करून टाकायची नाहीत. चाचांचा हाताखालचा मुलगा आणि मी, दोघं आलटून पालटून हे करत होतो. शेवटी सगळा पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतला. चाचांनी त्याच्यावरून तळहात फिरवला, दोन ठिकाणी बोट ठेवून ‘इथे अजून आहे’ म्हणाले, आणि ते बरोबर होतं.

नवं अस्तर मिळवायचे दोन मार्ग. एक, या मॉडेलसाठी नेमकं कापून येणारं. ते बाहेरून मागवावं लागतं. दुसरा, बाजारातून फोमचा तक्ता आणून आपण कापणं. दुसऱ्या मार्गाला माझा विरोध नाही, पण एका अटीवर. फोम आग न धरणारा, म्हणजे ज्योत बाजूला केली की स्वतःहून विझणारा हवा. सोफ्याचा साधा फोम कुणी बॉनेटखाली चिकटवत असेल तर तो गरम इंजिनावर सरपण रचतो आहे. दुकानदार काय सांगतो त्यावर जाऊ नये. एक तुकडा मागून घ्यावा, अंगणात चिमट्यात धरून पेटवून पाहावा. नाना पेठेत मी दोन-तीन नमुने असे घेतले होते. एक चांगला विझला, एक भडकला. अखेर नेमकं कापलेलं अस्तरच मागवलं, कारण या बॉनेटला आतून जी मजबुतीची घडी आहे तिच्या कप्प्यांत ते बेतून बसतं आणि कडा पत्र्याच्या ओठाखाली सरकवता येतात. खोक्यात घडी घालून आलेलं अस्तर उलगडून काही वेळ उन्हात ठेवलं की घडीच्या रेघा सैल होतात.

चिकटवणं मात्र फार थोडक्यात होतं. उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट गोंद दोन्ही बाजूंना पातळ लावायचा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यायचा, मग मध्यापासून कडेकडे दाबत जायचं. एकदा टेकलं की हलवता येत नाही, म्हणून आधी कोरडं बसवून खडूने खुणा केल्या होत्या. इथे दोन माणसं लागतात आणि दोघांचे दोन्ही हात लागतात. बॉनेट आपलं आपण उभं राहत नसेल तर हे काम होऊच शकत नाही. म्हणूनच आम्ही खरवडणं झाल्यावर आणि चिकटवण्याआधी, मध्ये स्ट्रट बदलले.

स्ट्रट ही वस्तू मी वर्गात नेऊन दाखवली आहे, इतकी ती सुंदर आहे. बाहेरून पाहिलं तर एक काळी नळी आणि तिच्यातून येणारी चकचकीत दांडी. आत स्प्रिंग असेल असं सगळ्यांना वाटतं. आत असतो फक्त नायट्रोजन, प्रचंड दाबाखाली, आणि थोडंसं तेल. दांडीच्या आतल्या टोकाला पिस्टन असतो आणि त्याला बारीक भोक, त्यामुळे वायू पिस्टनच्या दोन्ही बाजूंना सारख्याच दाबाने असतो. दोन्हीकडे दाब सारखा, तर मग दांडी बाहेर का ढकलली जाते? मुलं इथे अडखळतात, आणि अडखळावं असंच ते आहे. उत्तर असं की पिस्टनच्या एका बाजूची संपूर्ण जागा वायूला मिळते, दुसऱ्या बाजूची मात्र दांडीच्या जाडीएवढी कमी मिळते. तेवढ्या फरकावर सगळं चालतं. दांडी 8 मिलिमीटर जाड असेल तर तिच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस मिलिमीटर. एवढ्याशा जागेतून 400 न्यूटनचा जोर, म्हणजे साधारण 40 किलोचं वजन उचलण्याएवढा, काढायचा तर आतला दाब 80 बारच्या आसपास हवा. आपल्या टायरमध्ये 32 पीएसआय, म्हणजे सव्वादोन बारसुद्धा नसतो.

नायट्रोजन वापरतात कारण तो कोरडा असतो आणि तेलाशी, धातूशी भांडत नाही. तेलाला दोन कामं: दांडी पूर्ण बाहेर येता येता तिचा वेग कमी करणं, आणि जिथून दांडी बाहेर येते तिथल्या रबरी सीलला ओलं ठेवणं. म्हणून स्ट्रट बसवताना बॉनेट बंद असेल तेव्हा दांडीचं टोक खाली राहील असं पाहतात. तेल सीलपाशी उतरून बसतं आणि सील सुकत नाही. तरी वर्षानुवर्षांत वायू रेणू रेणूने निसटतोच. बंद पडण्याचा असा दिवस त्याला नसतो. तापमानाचाही खेळ असतो: वायू तापला की दाब वाढतो, दर 10 अंशांमागे साधारण साडेतीन टक्के. त्यामुळे थकत चाललेला स्ट्रट उन्हाळ्याच्या दुपारी, तापलेल्या इंजिनावर बॉनेट धरून ठेवतो आणि डिसेंबरच्या सकाळी, चाचांनी डोकं आत घातलं की खाली येऊ लागतो. ही त्याची सर्वांत वाईट अवस्था. पूर्ण मेलेला स्ट्रट निदान फसवत नाही. त्याच्याजवळ माणूस टेकू घेऊनच जातो.

आता इतिहासातली एक गोष्ट, मला आवडते म्हणून. असे गॅस स्प्रिंग गाड्यांसाठी मोठ्या प्रमाणावर बनवणारी स्टॅबिलस ही कंपनी जर्मनीत कोब्लेन्झला 1934 मध्ये सुरू झाली, आणि गॅस स्प्रिंग तिथे 1962 मध्ये बनू लागले. त्याआधी बॉनेट उघडं ठेवायचं म्हणजे दांडी नाहीतर गुंडाळीची स्प्रिंग. आजही आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांना दांडीच असते, आणि दांडी चांगलीच असते, कारण ती थकत नाही. स्ट्रटने हात मोकळे होतात खरे, पण त्याची वेळ झाली की तो बदलावा लागतो. कंपनीने दांडी दिली असती तर वीस वर्षांनी कुणाच्या डोक्याला धोका नसता, असं कुणी म्हणालं तर ते मला मान्य आहे.

स्ट्रट घेताना नळीवर न्यूटनमध्ये छापलेला आकडा जुन्याशी जुळवून पाहायचा. ‘जास्त ताकदीचा घ्या, बॉनेट कसं टुणकन उघडेल’ असं सांगणारे दुकानदार भेटतात. त्यांचं ऐकू नये. जास्तीचा जोर बिजागऱ्यांना वाकवतो आणि बंद करताना पत्र्याच्या कडेला ताण येतो. बदलताना एकच बदलू नये, दोन्ही एकदम बदलावेत. जुना आणि नवा शेजारी लावले तर दोन बाजूंना दोन जोर लागतात आणि बॉनेट हळूहळू पिळलं जातं. दोन टोकांच्या वाट्यांत सहसा छोटी तारेची क्लिप असते. ती पूर्ण उपसून काढायची नाही, बारीक स्क्रूड्रायव्हरने थोडी उचलली की वाटी गोळ्यावरून सुटते. या वेळी बॉनेट धरायला जो माणूस असेल त्याने दुसरं काहीही करू नये. फोनसुद्धा घेऊ नये. आमच्याकडे बॉनेट मी धरलं. चाचा म्हणाले, "बेटा, आता मी सांगेपर्यंत शिंक पण द्यायची नाही."

जुने स्ट्रट भंगारात देताना आवर्जून सांगावं की हे कापू नका, तापवू नका. बॉनेट पेलवत नाही याचा अर्थ आत दाब उरला नाही असा होत नाही. भंगारवाल्याकडे गॅस कटर चालवणारा एखादा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा असतो, आणि त्याला ती फक्त एक लोखंडी नळी दिसते. मी त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने ‘आत दाब आहे, कापू नये’ असं लिहून दिलं.

काम चालू असताना मी चाचांना विचारलं, इतक्या वर्षांत किती लोकांनी तुमच्याकडून हे करून घेतलं? ते थोडा वेळ आठवत राहिले. "डिकीचे शॉकअप लोक बदलतात," म्हणाले, "सामान काढताना स्वतःच्या डोक्यावर येतं ना. बॉनेटचं कुणी सांगत नाही." तक्रारीचा सूर नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच. पण मला ते लागलं. गाडीच्या मालकाला जिथे इजा होते तो भाग दुरुस्त होतो. दुसऱ्याला होते तिथे बांबू लागतो. गॅरेजात जाऊन पाहा, एखाद्या चांगल्या, चकचकीत गाडीच्या बॉनेटखाली झाडूचा दांडा किंवा पाना उभा केलेला दिसेल. गाडीचा रंग दर दोन वर्षांनी पॉलिश होत असतो. आरटीओत पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणीसाठी गाडी नेतात तेव्हाही ब्रेक, दिवे, धूर यांची चिंता असते, आणि ती असायलाच हवी. बॉनेट उघडल्यावर वर राहतं का, हे मात्र उघडणाऱ्यालाच कळतं.

जुन्या गाडीच्या हौशी लोकांशी बोलताना मी हल्ली हाच विषय काढते. कुणी मूळ रंगाचं, मूळ चाकांचं कौतुक करत असेल तर आनंदाने ऐकते. मग विचारते, बॉनेट कशावर उभं राहतं? माझी सगळ्यांना विनंती आहे की यादी करताना हे काम शेवटी ठेवू नका, पहिलं करा. कारण पुढची सगळी कामं त्याच्याखाली उभं राहून व्हायची असतात.

आमच्या गाडीच्या बाबतीत पुढचं काम ठरलेलंच आहे. नव्वदीच्या दशकातल्या या गाड्यांच्या इंजिनावरच्या वायरिंगचं एक दुखणं जगभर माहीत आहे. तारांवरचं आवरण इंजिनाच्या उष्णतेने कडक होतं, तडकतं आणि गळून पडतं. मग तारा एकमेकींना लागतात आणि इंजिन कधी अडखळतं, कधी बंद पडतं. स्ट्रट बसवल्यावर चाचांनी बॉनेट सरळ उभं केलं, दोन्ही हातांनी ती वायरिंग इंजिनाच्या मागच्या बाजूपर्यंत चाचपली आणि दोन ठिकाणी आवरण नखाने सहज निघून आलेलं दाखवलं. ते काम बारीक आहे, एकेक जोड सोडवून नवा हार्नेस, म्हणजे तारांचा पूर्ण जुडगा, घालायचा, इंजिनाच्या मागे तासन्‌तास ओणवं राहून. हार्नेस मागवला आहे. चाचांनी दिवाळीनंतरचा आठवडा दिला आहे, आणि मुलाला सांगून ठेवलं आहे की त्या दिवशी दुसरी गाडी आत घ्यायची नाही.